लष्कर ते मथुरा : तेलशुद्धीकरण कारखान्यांतील गंजाचा इतिहास

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपली छावणी कायम केली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. पाटणकर बाजार, फालका बाजार, चिटणीस की गोठ, शिंदे की छावणी ही तेथील वस्त्यांची नावे दख्खनेतून आलेल्या सरदारांची आणि कारभाऱ्यांची आठवण आजही धरून आहेत. या मराठी वस्तीचा उत्तरेशी असलेला संबंध मात्र छावणीहूनही जुना आहे, कारण त्यापूर्वी महादजी शिंद्यांचा मुक्काम दीर्घकाळ मथुरेस असे आणि आग्र्याचा किल्ला १८०३ पर्यंत शिंद्यांच्या अमलात होता. पाटणकर बाजारातून निघून आग्र्यावरून मथुरेला जाणारा जो रस्ता या इतिहासात पुन्हापुन्हा येतो, त्याच रस्त्यावर, लष्करापासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत, १९८२ पासून इंडियन ऑइलचा मथुरा तेलशुद्धीकरण कारखाना चालू आहे. ग्वाल्हेरात असा कारखाना कधी नव्हता. मध्य प्रदेशातील बीना येथील कारखाना २०११ मध्ये सुरू झाला तरी अंतराच्या हिशेबाने मथुराच जवळ पडते. तेव्हा या शहराच्या परिसरात खनिज तेल आणि धातूचा गंज यांचा संबंध कसा घडत गेला हे पाहायचे असेल तर मथुरेकडे पाहावे लागते, आणि मथुरेतील व्यवस्था समजण्यासाठी तिच्या आधीच्या मुंबईकडे.

गंज म्हणजे केवळ लोखंडावर चढणारा तांबूस थर नव्हे. धातू आपल्या भोवतालच्या पदार्थांशी रासायनिक क्रिया होऊन झिजतो, पातळ होतो, त्याला खड्डे पडतात किंवा आतल्या आत भेगा जातात, त्या सर्व प्रकारांना शास्त्रात मिळून क्षरण असे म्हणतात. आणि तेलशुद्धीकरण कारखान्यात या क्षरणाची जितकी विविध रूपे एका कुंपणात सापडतात तितकी क्वचितच दुसरीकडे सापडतील. त्याचे कारण कच्च्या तेलात आहे. शुद्ध हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे, पोलादाला अपाय करत नाहीत. अपाय करतात ते तेलासोबत भूगर्भातून येणारे पाहुणे: खारे पाणी, त्यात विरघळलेले सोडियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे क्लोराइड क्षार, गंधकाची संयुगे आणि काही तेलांत आढळणारी नॅफ्थेनिक नावाची सेंद्रिय आम्ले. गंज आवरण्याची कला ही खरे पाहता या पाहुण्यांचा माग काढण्याची कला आहे. मथुरेच्या बाबतीत या मागाला असा एक अर्थ प्राप्त झाला जो जगातील फार थोड्या कारखान्यांच्या वाट्याला आला: जो गंधक धुरावाटे बाहेर पडून ताजमहालाच्या संगमरवराला लागू शकला असता, तो कारखान्याच्या आत अडवला गेला, आणि त्याचा सारा भार आतल्या पोलादाने उचलला. ताजमहालाच्या रक्षणाचा इतिहास न्यायालयांच्या निकालांतून सांगितला जातो. कारखान्यातल्या भिंतींची जाडी मोजणाऱ्यांचे कामही त्याच इतिहासाचा भाग आहे, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

खनिज तेलाच्या उद्योगात गंधकाशी पहिला झगडा पोलादासाठी झाला नाही, तो दिव्यासाठी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलाचा मुख्य उपयोग रॉकेलचे दिवे जाळण्यासाठी होता, आणि १८८५ नंतर अमेरिकेतील ओहायो राज्यात लिमा येथे सापडलेले तेल इतके गंधकयुक्त निघाले की त्यापासून काढलेल्या रॉकेलला दुर्गंध येई आणि काचेवर काजळी धरे. हर्मन फ्राश या जर्मनीत जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने तांब्याच्या ऑक्साइडच्या साहाय्याने हा गंधक काढून टाकण्याची रीत बसवली आणि स्टँडर्ड ऑइल कंपनीला ते तेल विकणे शक्य झाले. हिंदुस्थानात त्या काळी पत्र्याच्या डब्यांतून जे रॉकेल बाजारोबाजारी पोहोचत असे, त्यामागे अशा शुद्धीकरणाची परंपरा होती. आसामात डिगबोई येथे १९०१ मध्ये देशातला पहिला मोठा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. त्या पिढीच्या कारखान्यांत उष्णता व दाब आजच्या मानाने कमी असत, भांडी जाड असत, आणि झिजलेला भाग कापून नवा जोडणे हाच गंजावरचा सर्वमान्य उपाय होता. तपासणीचे साधन म्हणजे हातोडा. अनुभवी माणूस नळीवर हातोडा वाजवून आवाजावरून भिंत किती पातळ झाली आहे याचा अंदाज घेई, आणि शंका आल्यास भोक पाडून जाडी प्रत्यक्ष मोजून ते भोक पुन्हा बुजवले जाई.

विसाव्या शतकाच्या आरंभी या अनुभवाला सिद्धान्ताची जोड मिळाली. अमेरिकेतील विलिस व्हिटनी याने १९०३ मध्ये लोखंडाचे गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे, म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म बॅटरीप्रमाणे प्रवाह वाहतो आणि त्यात धातू विरघळतो, असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास फ्रेडरिक कॉट्रेल याने कॅलिफोर्नियातील तेलात घट्ट मिसळून राहणारे खारे पाणी उच्च दाबाच्या विजेने वेगळे करण्याची पद्धत काढली. या दुसऱ्या शोधाचे महत्त्व कित्येकदा कमी लेखले जाते. आजही प्रत्येक शुद्धीकरण कारखान्याच्या प्रवेशद्वारापाशी जे डिसॉल्टर, म्हणजे क्षार काढून टाकणारे भांडे असते, त्याची मूळ कल्पना हीच आहे: तेल तापवून त्यात थोडे गोडे पाणी मिसळायचे, क्षार त्या पाण्यात उतरू द्यायचे आणि विजेच्या क्षेत्रात पाण्याचे बारीक थेंब एकमेकांत मिळवून तळाशी बसवायचे. गंजाविरुद्धची पहिली फळी धातूत नाही, ती या भांड्यात आहे.

महाराष्ट्रात हा विषय आला तो मुंबईतील माहुलच्या किनाऱ्यावर. इराणने १९५१ मध्ये आपल्या तेल-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि आबादानच्या प्रचंड कारखान्यातून होणारा पुरवठा अडचणीत आला, तेव्हा तयार माल आयात करण्याऐवजी देशातच शुद्धीकरण व्हावे या भारत सरकारच्या आग्रहाला वजन आले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टँडर्ड व्हॅक्युम आणि बर्मा शेल या कंपन्यांशी करार झाले; पहिलीचा कारखाना, जो पुढे एस्सो या नावाने ओळखला गेला, १९५४ मध्ये आणि बर्मा शेलचा १९५५ मध्ये तुर्भे-माहुल भागात चालू झाला. ते पुढे अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम (१९७४) आणि भारत पेट्रोलियम (१९७७) या सार्वजनिक कंपन्यांचे झाले. या कारखान्यांत येणारे तेल मुख्यतः इराणच्या आखातातले, म्हणजे गंधक दीड ते तीन टक्क्यांच्या आसपास असलेले. आणि बाहेरून बारमाही खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस. त्यामुळे माहुलच्या नळ्या दोन्ही अंगांनी झिजत: आतून तेलातल्या गंधकाने व क्षारांनी, बाहेरून समुद्राच्या वाऱ्याने. उष्णतारोधक आवरणाच्या आत पावसाचे पाणी शिरून, डोळ्यांना न दिसता, नळी बाहेरून कुरतडली जाते. हा प्रकार कोकणच्या हवेत काम करणाऱ्या प्रत्येक तपासनिसाला पाठ असावाच लागतो.

या कारखान्यांच्या हृदयस्थानी असलेल्या ऊर्ध्वपातन स्तंभाचा, म्हणजे तापवलेल्या तेलातून हलके-जड घटक वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्याचा, माथा हा गंजाच्या इतिहासातील सर्वांत शिकवणारा प्रदेश आहे. डिसॉल्टरमधून सुटलेले मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे क्लोराइड भट्टीच्या उष्णतेत पाण्याच्या वाफेशी क्रिया करतात आणि हायड्रोजन क्लोराइड वायू मोकळा होतो. हा वायू कोरडा असेपर्यंत निरुपद्रवी असतो; पण मनोऱ्याच्या माथ्यावर वाफ निवत जाऊन जेथे पाण्याचा पहिला थेंब तयार होतो, त्या दवबिंदूपाशी सगळा वायू त्या थोड्याशा पाण्यात शिरतो आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. काही महिन्यांत नळी पार होऊ शकते, आणि तीही एवढ्याच टापूत. दोन हात अलीकडे वा पलीकडे धातू जवळजवळ अबाधित असतो. यावर उपाय म्हणून तेलात मोजका कॉस्टिक सोडा सोडण्याची रीत पडली, ज्याने अपायकारक क्लोराइडांचे स्थिर अशा साध्या मिठात रूपांतर होते आणि ते तळाच्या जड तेलासोबत निघून जाते. परंतु कॉस्टिक जास्त झाले तर भट्टीच्या नळ्यांत कोळसा धरतो आणि पोलादाला भेगा पडण्याचा धोका उद्भवतो. मग माथ्यावर अमोनिया सोडून आम्ल मारण्याची पद्धत आली. तिच्यातून अमोनियम क्लोराइडचे घन थर साठून त्या थरांखाली नवेच खड्डे पडू लागले, म्हणून अमोनियाच्या जागी वेगवेगळे अमाइन वापरात आले आणि त्यांच्या जोडीला धातूवर पातळ पापुद्रा धरणारी रसायने आली. प्रत्येक उपायाने एक गंज थांबवला आणि दुसऱ्याला जागा दिली, ही साखळी या व्यवसायाच्या स्वभावाची खूण आहे; म्हणूनच उपाय योजून माणूस मोकळा होत नाही, त्याला त्यानंतरही मोजत राहावे लागते.

मोजणीचे गणित साधे असले तरी शिस्त मागणारे आहे. भांडे किंवा नळी घडवतानाच दाब पेलण्यासाठी लागणाऱ्या जाडीपेक्षा काही मिलिमीटर, बहुधा तीनच्या सुमारास, अधिक धातू ठेवला जातो आणि तो गंजाने खाल्ला जाईल हे गृहीतच धरलेले असते. एखाद्या नळीची जाडी आज १० मिलिमीटर आहे, तिला किमान ६ हवे आहेत आणि वर्षाला ०.२ मिलिमीटर या गतीने ती झिजते आहे असे दिसले, तर तिचे उरलेले आयुष्य २० वर्षे ठरते, आणि प्रचलित नियमानुसार त्याच्या निम्म्या काळाच्या आत पुन्हा तपासणी करावी लागते. हे गणित भोके न पाडता करता येऊ लागले ते अल्ट्रासॉनिक यंत्रांमुळे. मिशिगन विद्यापीठातील फ्लॉइड फायरस्टोन याने १९४० च्या दशकाच्या आरंभी ध्वनीच्या प्रतिध्वनीने धातूच्या आतले दोष शोधणारे यंत्र तयार केले, आणि पुढे त्याच तत्त्वावर हातात धरता येणारी जाडीमापके आली. कारखान्याच्या बोलीत याला सरळ ‘थिकनेस घेणे’ म्हणतात. त्याबरोबर चालत्या प्रवाहात ठेवायची साधने वाढली. वजन करून आत टांगलेली धातूची पट्टी, जिला कूपन म्हणतात, ठरावीक काळाने काढून पुन्हा तोलली की किती धातू गेला ते कळे. १९५० च्या दशकात आलेल्या विद्युत-रोध प्रोबमध्ये झिजत जाणाऱ्या तारेचा वाढता रोध मोजून तीच गोष्ट नळी न उघडता समजू लागली. आणि १९५७ मध्ये स्टर्न व गिअरी यांनी मांडलेल्या समीकरणामुळे पाण्याच्या प्रवाहातील गंजाची तात्कालिक गती विजेच्या सूक्ष्म धक्क्याने काढता येऊ लागली. माथ्यावरून निघणाऱ्या पाण्यातील लोह व क्लोराइड यांचे प्रयोगशाळेतले रोजचे आकडे या सर्वांहून साधे आहेत, आणि अनेकदा सर्वांत आधी इशारा देणारेही तेच ठरतात.

उच्च तापमानाचा गंज निराळ्या जातीचा. साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर गंधकाची संयुगे पाण्याच्या मदतीशिवायच पोलादावर हल्ला करतात आणि नळीची भिंत विस्तृत भागावर सारखी पातळ होत जाते. येथे रसायने सोडून भागत नाही, धातूच बदलावा लागतो. पोलादात ५ किंवा ९ टक्के क्रोमियम मिसळले की प्रतिकार वाढतो, आणि किती गंधकाला, किती तापमानाला, कोणते पोलाद किती झिजेल याचे आलेख १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रसिद्ध झाले व जगभरच्या कारखान्यांनी स्वीकारले. मुंबईजवळ समुद्रात १९७४ मध्ये बॉम्बे हायचा शोध लागला, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि अर्ध्या टक्क्याहून कमी गंधकाचे ते तेल उरणमार्गे तुर्भ्याच्या कारखान्यांत आले, तेव्हा या आलेखांच्या दृष्टीने काळ सुखाचा झाला. समुद्रातून येणाऱ्या तेलासोबत खारे पाणी येणारच असल्यामुळे मनोऱ्याच्या माथ्याची चिंता मात्र हटली नाही. तेलाची जात बदलली की गंजाचा नकाशा बदलतो आणि कालपर्यंत निर्धोक असलेली जागा आज तपासावी लागते, ही जाणीव त्या संक्रमणाने पक्की केली असे मानायला हरकत नाही.

याच वर्षांत मथुरेचा प्रश्न उभा राहिला. वायव्य भारताची आणि दिल्लीची गरज भागवण्यासाठी वर्षाला ६० लाख टन क्षमतेचा कारखाना मथुरेजवळ उभारण्याचे ठरले, आणि तेथून जेमतेम पन्नास किलोमीटरांच्या परिसरात ताजमहाल, तर दुसऱ्या बाजूला भरतपूरचे पक्ष्यांचे घना अभयारण्य आहे, हे ध्यानात येताच देशात व परदेशात चिंता व्यक्त झाली. कच्च्या तेलातील गंधक इंधनासोबत जळाला की सल्फर डायऑक्साइड होतो, हवेतील ओलाव्यात त्याचे गंधकाम्ल बनते, आणि गंधकाम्लाच्या संपर्काने संगमरवराचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, ठिसूळ जिप्समात रूपांतर होते. ताजमहालाच्या बाबतीत आणखी एक धोका होता, जो लोकांच्या चर्चेत कमी आला: संगमरवरी फरश्या आणि दगड एकमेकांस जखडून ठेवण्यासाठी कारागिरांनी लोखंडी खुंट्या व पट्ट्या वापरल्या आहेत, आणि लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कितीतरी पट वाढून आतून दगडाला फोडते. अर्थात ताजमहालाचे दुखणेही काही अंशी गंजाचेच दुखणे होते.

एस. वरदराजन यांच्या अध्यक्षतेखाली १९७४ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या साऱ्याचा अभ्यास करून जो निष्कर्ष काढला तो समतोल होता. आग्र्याची हवा कारखाना येण्यापूर्वीच दूषित आहे, आणि तिला शहरातील कोळशावरची वीजकेंद्रे, रेल्वेचे शंटिंग यार्ड आणि ओतकामाच्या भट्ट्या कारण आहेत, हे समितीने दाखवले, आणि कारखान्याकडून गंधकाचे उत्सर्जन काटेकोर मर्यादेत राहावे असा आग्रह धरला. कारखाना १९८२ मध्ये सुरू होण्याआधीच भोवतालच्या हवेची नोंद घेणारी केंद्रे बसवण्यात आली. कच्चे तेल गुजरातच्या किनाऱ्यावरून सलाया-मथुरा वाहिनीने आणण्यात आले, आणि त्यात बॉम्बे हाय व नायजेरियाचे कमी गंधकाचे तेल आखाती तेलासोबत वापरण्याचे ठरवण्यात आले. पुढे हायड्रोजन सल्फाइड वायूपासून घन गंधक परत मिळवणारे विभाग सुरू झाले. त्यांची मूळ रीत कार्ल क्लाउस याने १८८३ मध्ये पेटंट घेतलेली. वकील एम. सी. मेहता यांच्या १९८४ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालाने ताज समलंब क्षेत्रातील, म्हणजे ताजभोवतीच्या १०,४०० चौरस किलोमीटर प्रदेशातील, २९२ उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्याचा किंवा स्थलांतराचा आदेश दिला. तो वाद कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा होता. कुंपणाच्या आत त्याचे पडसाद यंत्रसामग्रीच्या रूपाने उमटले.

गंधक इंधनातून काढायचा तर तो हायड्रोजनच्या साहाय्याने काढावा लागतो. मथुरेत १९९९ मध्ये डिझेलमधील गंधक ०.२५ टक्क्यांवर आणणारा विभाग, २००० मध्ये जड तेल फोडणारा हायड्रोक्रॅकर, आणि २००५ मध्ये त्याहून खोलवर शुद्धी करणारा विभाग सुरू झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-सहा मानकाने तर इंधनातील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० वर आणली, म्हणजे ०.२५ टक्क्यांच्या तुलनेत अडीचशेपटीने कमी. ही आकडेवारी सहसा हवेच्या शुद्धतेचा विजय म्हणून मांडली जाते, आणि तो विजय आहेच. पण वस्तूचा नाश होत नाही हे रसायनशास्त्राचे पहिले सूत्र. इंधनातून निघालेला गंधक कारखान्यातील भांड्यांत, नळ्यांत आणि उष्णता-विनिमयकांत एकवटतो, आणि तेही उच्च दाबाच्या हायड्रोजनच्या संगतीत. उच्च तापमानाला हायड्रोजन पोलादाच्या आत शिरून त्यातील कार्बनशी संयोग पावतो, आतल्या आत मिथेन वायूच्या सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारे भांडे ठिसूळ होऊन जाते. शेल कंपनीतील जॉर्ज नेल्सन यांनी १९४९ मध्ये कोणते पोलाद कोणत्या तापमानाला व दाबाला सुरक्षित राहील याचे वक्र मांडले. तेलातील नायट्रोजनापासून बनणारा अमोनिया आणि गंधकापासून बनणारा हायड्रोजन सल्फाइड एकत्र येऊन अमोनियम बायसल्फाइड होते, ते थंड होणाऱ्या नळ्यांत साठते आणि पाण्यासोबत वेगाने वाहिले तर कोपरे खरवडून काढते. म्हणून शीतकांच्या आधी धुण्याचे पाणी मोजून सोडावे लागते आणि ते सर्व नळ्यांत सारखे विभागले जाते की नाही ते पाहावे लागते.

कारखाना बंद करून उघडण्याचा काळ, ज्याला सारेजण शटडाऊन म्हणतात, तोही धोक्यातून मुक्त नाही. स्टेनलेस पोलादाच्या आत धरलेला सल्फाइडचा थर हवा आणि ओलावा मिळताच पॉलिथायोनिक आम्लात बदलतो आणि ज्या पोलादाला गंजत नाही म्हणून निवडले त्यालाच काही तासांत भेगा पडू शकतात. यासाठी यंत्र उघडण्यापूर्वी ते सोडा ॲशच्या द्रावणाने भिजवून ठेवण्याची पद्धत आहे. इतक्या महागड्या यंत्रसामग्रीचे रक्षण धुण्याच्या सोड्याने व्हावे ही गोष्ट या व्यवसायाची खरी ओळख करून देते: येथे साधन क्वचितच भारी असते, भारी असते ती वेळेवर केलेली कृती.

जगातील काही दुर्घटनांनी दाखवले की मोजणीची साधने असूनही उत्तर चुकते, कारण प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. शिकागोजवळच्या लेमॉन्ट येथे २३ जुलै १९८४ रोजी अमाइन द्रावणाच्या स्तंभाला दुरुस्तीच्या जोडाजवळ भेग जाऊन स्फोट झाला व १७ जण मृत्युमुखी पडले. इंग्लंडमधील हंबर कारखान्यात १६ एप्रिल २००१ रोजी क्षार विरघळवण्यासाठी पाणी सोडण्याच्या जागेच्या पुढचा नळीचा कोपरा, ज्याची भिंत मूळ सात-आठ मिलिमीटरांवरून एका जागी ०.३ मिलिमीटरपर्यंत उतरली होती, फुटला. ज्या जागी पाणी पडते तेथेच पाहणी हवी होती आणि ती झाली नव्हती. अमेरिकेतील अनाकोर्टेस येथे २ एप्रिल २०१० रोजी सात कामगार दगावले, तेव्हा ज्या पोलादाला नेल्सनच्या वक्राने सुरक्षित ठरवले होते तेच हायड्रोजनने पोखरलेले निघाले आणि वक्रच खाली आणावा लागला. अमेरिकेतीलच रिचमंड येथे ६ ऑगस्ट २०१२ रोजी जी नळी फुटून आग लागली, तिच्यात सिलिकॉनचे प्रमाण कमी असल्यामुळे ती शेजारच्या तुकड्यांपेक्षा कितीतरी वेगाने गंधकाने झिजली होती. शेजारच्या कोपऱ्यांचे आकडे चांगले होते म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला गेला होता. या चारही घटनांत गंजाचे शास्त्र अपुरे नव्हते असे म्हणता येणार नाही, तथापि कोठे पाहावे या निर्णयातील त्रुटी शास्त्रातील त्रुटीपेक्षा मोठी होती, हे मत टाळता येत नाही.

अशा प्रकारच्या पूर्वीच्या अनुभवांतूनच जोखीम-आधारित तपासणी ही संकल्पना पुढे आली, जिच्यात प्रत्येक नळीची तपासणी ठरावीक मुदतीने करण्याऐवजी ती फुटण्याची शक्यता आणि फुटली तर होणारी हानी यांचा एकत्र विचार करून क्रम लावला जातो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने तिची मार्गदर्शक सूत्रे २००२ मध्ये प्रसिद्ध केली. भारतात १९८६ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन झाले आणि दाबाची भांडी व नळ्या यांच्या तपासणीची देशी मानके तयार झाली. संशोधनाच्या बाजूला तमिळनाडूतील कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आणि मुंबईच्या आयआयटीतील क्षरणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम यांनी प्रशिक्षित माणसे पुरवली. साधनांमध्ये मोठी भर पडली ती नळीवर कायम बसवून ठेवायच्या बिनतारी जाडीमापकांची. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात विकसित झालेल्या या प्रकारात धातूच्या लांब पट्टीतून ध्वनी पाठवून मापक शेकडो अंश तापलेल्या नळीपासून दूर ठेवता येते, आणि कित्येक वर्षांनी एकदा मिळणारा आकडा आता दर काही तासांनी मिळतो. नोंदी इतक्या दाट झाल्यावर असेही दिसू लागले की झीज बहुधा रोज सारखी नसते. एखाद्या खराब तेलाच्या खेपेत, डिसॉल्टर बिघडलेल्या थोड्या दिवसांत, अनेक महिन्यांचा धातू निघून जातो.

येथे एक अपेक्षा स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. प्रत्येक भांड्याचा आणि नळीचा तपासणी-इतिहास तिच्या आयुष्यभर जपून ठेवावा असा नियम आहे; मथुरेच्या बाबतीत ते दप्तर चार दशकांहून अधिक काळाचे आणि माहुलच्या बाबतीत सात दशकांचे भरेल. त्यांत देशाच्या तेल-आयातीचे, बॉम्बे हायच्या आगमनाचे, इंधनाच्या मानकांचे आणि दुरुस्त्यांच्या निर्णयांचे ठसे मिलिमीटरांच्या भाषेत उमटलेले असणार. जुनी भांडी मोडीत निघाली की त्यांची कागदपत्रेही मोडीत काढण्याकडे उद्योगांचा कल असतो. मोडी दप्तरांतून मराठ्यांचा इतिहास उभा करणाऱ्या समाजाने तरी या दप्तरांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावे, आणि कंपन्यांनी ती अभिलेखागारात ठेवावीत.

सध्याचा काळ या व्यवसायाची पुन्हा परीक्षा पाहणारा आहे. २०२२ पूर्वी भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, तो २०२३ पर्यंत एकतृतीयांशाहून अधिक झाला, आणि किंमत पाहून तेल बदलण्याचा वेग पूर्वी कधी नव्हता इतका वाढला. नॅफ्थेनिक आम्ल अधिक असलेली तेले स्वस्त मिळतात. या आम्लाचा उपद्रव सुमारे २२० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, वेगाने वाहणाऱ्या वळणांवर होतो, आणि त्याला क्रोमियमपेक्षा मॉलिब्डेनमयुक्त स्टेनलेस पोलाद चांगले तोंड देते. त्यामुळे खरेदी विभागाने तेलाची खेप ठरवण्यापूर्वी त्या तेलाची आम्लता, गंधक, क्षार आणि ते दुसऱ्या कोणत्या तेलात किती मिसळायचे याचा हिशेब क्षरण-अभियंत्यापुढे ठेवला जातो, आणि त्याच्या होकारासोबत कोणत्या नळ्यांची जाडी किती दिवसांनी घ्यायची याची यादीही जोडली जाते.